समोरून गेलेला हत्ती

फोनवर एक व्हिडिओ येतो. चेहरा ओळखीचा, आवाज ओळखीचा, आणि तोंडी असं वाक्य की ऐकून अंगाचा तिळपापड व्हावा. आपण तो चार जणांना पाठवतो. दुसऱ्या दिवशी कळतं की तो माणूस असं काही बोललाच नव्हता. चेहरा आणि आवाज दोन्ही यंत्राने तयार केलेले होते. अशा बातम्या आता वरचेवर येतात आणि दर वेळी तोच प्रश्न कानावर पडतो: म्हणजे आता स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवायचा नाही?

प्रश्न रास्त आहे. पण त्यात असं धरून चाललेलं आहे की ही यंत्रं येण्याआधी डोळे आपल्याला जे आहे तेच दाखवत होते. तसं कधीच नव्हतं. जे आहे आणि जे आपल्याला दिसतं, यांत अंतर पहिल्यापासून आहे. ते कसं पडतं, हे गेल्या दीडशे वर्षांत प्रयोगशाळेत मोजलं गेलं. त्या अंतरात अडकलेल्या माणसाचं काय होतं, हे मात्र कवी-नाटककारांना त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की विषय बराच उलगडतो.

संवेदना आणि आकलन

रेंज धड नसते तेव्हा फोनवरचे निम्मे शब्द गळून पडतात. तरी आपण वाक्य जुळवून घेतो, कारण बोलणारा कोण आणि विषय काय हे आपल्याला ठाऊक असतं. कानावर आलेले तुटके आवाज म्हणजे संवेदना. त्यांतून जुळवलेलं वाक्य म्हणजे आकलन. बहुतेक वेळा जुळणी बरोबर निघते. एखाद्या वेळी 'येत नाही'मधला 'नाही' गळतो आणि आपण वाट पाहत बसतो.

यातली खरी गोम अशी की जुळवताना आपण काही जुळवतोय असं वाटत नाही. 'मी ऐकलं' असंच वाटतं. १९व्या शतकात हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने सांगितलं की पाहणं हे नकळत काढलेलं अनुमान असतं. समोरून आलेली माहिती अपुरी असते. उरलेलं मन जुन्या अनुभवातून भरून काढतं.

आपल्याकडच्या दर्शनांमध्ये हीच चर्चा फार बारकाईने झाली आहे. अंधारात पडलेला दोर साप वाटतो, उन्हात चमकणारा शिंपला चांदी वाटतो, ही उदाहरणं तिथलीच. न्यायदर्शन मानणारे नैयायिक म्हणत, शिंपल्यात दिसलेली चांदी शून्यातून आलेली नाही. ती आधी दुसरीकडे पाहिलेली आहे आणि आता चुकीच्या जागी दिसते आहे. अद्वैत वेदान्त्यांचं म्हणणं आणखी सूक्ष्म होतं. तो साप 'आहे' म्हणता येत नाही, कारण दिवा आणला की तो उरत नाही. 'मुळीच नव्हता' असंही म्हणता येत नाही, कारण तो दिसला होता आणि त्याच्या भीतीने माणूस दचकून मागे सरला होता. साप नसला तरी त्या माणसाला फुटलेला घाम खराच होता. ही गोष्ट पुढे पुन्हा लागणार आहे.

एक कागद, एक फुली, एक ठिपका

हे वाचून पटायचं नाही, करूनच पाहायला हवं. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे साधारण ८ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढा. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहा आणि कागद सावकाश जवळ आणा, लांब न्या. सुमारे ३० सेंटिमीटरच्या आसपास ठिपका नाहीसा होतो.

डोळ्यातल्या नसा जिथून एकत्र होऊन मेंदूकडे निघतात, तिथे दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. त्या जागेला अंधबिंदू म्हणतात. १७व्या शतकात एडमे मारियॉत या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो शोधून काढला. पण मला थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे. ठिपका गेल्यावर तिथे भोक दिसत नाही, काळोख दिसत नाही. कोरा कागद दिसतो. मेंदूने आजूबाजूचा पांढरा रंग पाहिला आणि त्या जागीही तोच असणार असं ठरवून टाकलं. जन्मापासून आपल्या प्रत्येक डोळ्यासमोर अशी एक न दिसणारी जागा आहे, आणि एकदाही ती आपल्याला जाणवलेली नाही.

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिलं, तर जेमतेम तेवढाच भाग आपल्याला खरोखर स्पष्ट दिसत असतो. बाकीचं सगळं पुसट. डोळे सेकंदाला साधारण तीन उड्या मारत तुकडे गोळा करतात आणि मन त्यांची गोधडी शिवतं. शिवण मात्र कुठेच दिसत नाही.

कळूनही तसंच दिसतं

सारख्या लांबीच्या दोन रेघा काढा. एकीच्या टोकांना बाणासारखी आत वळलेली पाती काढा, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेली. दुसरी रेघ लांब वाटते. हा भास फ्रान्झ म्युलर-लायर याने १८८९ साली मांडला. पट्टी लावून मोजा, दोन्ही सारख्या निघतात. पट्टी बाजूला ठेवा आणि पुन्हा पाहा: दुसरी अजूनही लांबच दिसते.

ही छोटी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. सत्य कळल्याने भास जात नाही. एडवर्ड ॲडेलसन यांनी १९९५ साली बुद्धिबळाच्या पटाचं एक चित्र केलं. पटावर एका नळकांड्याची सावली पडलेली आहे. सावलीबाहेरचं काळं घर आणि सावलीतलं पांढरं घर एकाच करड्या रंगाचे आहेत, पण हजारदा पाहिलं तरी तसे दिसत नाहीत. मन सावलीचा हिशेब वजा करून रंग ठरवतं. रोजच्या जगण्यात हा हिशेब उपयोगाचाच असतो, म्हणून तो थांबवता येत नाही.

२०१५ साली इंटरनेटवर एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर वाद पेटला होता, तो आठवत असेल. कुणाला तो निळा-काळा दिसत होता, कुणाला पांढरा-सोनेरी. ड्रेस प्रत्यक्षात निळा-काळा होता. फोटो असा होता की उजेड कसला आहे ते कळत नव्हतं. ज्यांच्या मनाने ड्रेस सावलीत आहे असं धरलं त्यांना तो पांढरा दिसला. ज्यांच्या मनाने पिवळसर प्रकाश धरला त्यांना निळा. दोघांनाही आपण काही धरून चाललोय याचा पत्ता नव्हता, म्हणून समोरचा खोटं बोलतोय असं दोघांनाही वाटत होतं. घरातली कितीतरी भांडणं याच जातीची असतात. फोटो एकच असतो आणि उजेड प्रत्येकाने आपापला धरलेला असतो.

कालिदासाचा हत्ती

आता साहित्याकडे येऊ. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात शकुंतला दरबारात उभी आहे. गरोदर आहे. समोर तिचा नवरा आहे आणि तो तिला ओळखत नाही.

महाभारतात ही गोष्ट वेगळी आहे. तिथे दुष्यंताला सगळं आठवत असतं. लोक काय म्हणतील म्हणून तो न ओळखल्याचं दाखवतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी गोष्टीत आणली आणि दुष्यंताला खरोखरच विसरायला लावलं. राजाची बाजू सावरण्यासाठी हे केलं, असा आक्षेप घेतला जातो आणि तो मला निम्मा पटतोही. पण या बदलामुळे नाटक एका वेगळ्याच ठिकाणी पोचलं. आता दरबारात खोटं कुणीच बोलत नाही. ती खरं सांगते आहे. तोही मनापासून सांगतोय की हिला पाहिल्याचं मला आठवत नाही. शापाची गोष्ट त्या दरबारात कुणालाच ठाऊक नाही; आपल्याला, प्रेक्षकांना ठाऊक आहे. ओरडून सांगावंसं वाटतं, पण आपला आवाज रंगमंचावर पोचत नाही. वास्तव आणि समजूत या दोन्हींच्या मधोमध आपल्याला उभं केलेलं असतं.

सहाव्या अंकात अंगठी सापडते, आठवण परत येते आणि राजा पश्चात्तापाने खंगत जातो. तो शकुंतलेचं चित्र काढतो. चित्रात तिच्या चेहऱ्याजवळ एक भुंगा आहे. बघता बघता राजा त्या भुंग्याला दटावू लागतो, शिक्षेची धमकी देतो. शेवटी विदूषकाला सांगावं लागतं की महाराज, हे चित्र आहे. हाडामांसाची बायको समोर उभी होती तेव्हा ती परकी वाटली, आणि रंगांतली शकुंतला जिवंत वाटते. राजाला स्वतःलाही हे कळतं. तुडुंब भरलेली नदी वाटेत मागे टाकून आपण मृगजळाच्या नादी लागलो, असं तो म्हणतो.

आणि सातव्या अंकात, सगळं संपल्यावर, तो आपल्या मनाची अवस्था एका दृष्टान्तात सांगतो. हत्ती समोर असताना 'हा हत्ती नाही' असं वाटावं, तो निघून जाताना शंका यावी आणि मग उमटलेली पावलं पाहून खात्री पटावी, तसं माझं झालं.

एवढा मोठा हत्ती न दिसणं ही कवीची अतिशयोक्ती वाटेल. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक छोटी फिल्म दाखवली: पांढऱ्या आणि काळ्या शर्टांतले दोन गट चेंडू एकमेकांकडे टाकताहेत. पांढऱ्या शर्टवाल्यांनी चेंडू किती वेळा टाकला ते मोजायचं. मध्येच गोरिलाचा वेश केलेली एक व्यक्ती खेळणाऱ्यांमधून चालत जाते. मोजण्यात गुंतलेल्या साधारण निम्म्या लोकांना गोरिला दिसलाच नाही. नंतर सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना.

त्यांच्या डोळ्यांवर गोरिलाची प्रतिमा पडली होती. लक्ष दुसरीकडे होतं, एवढंच. शाप लागायची गरजच नसते. एखाद्या कामात पुरतं बुडून जाणं पुरेसं असतं, आणि घरात समोर बसलेलं माणूस आतून खचत चाललंय हे महिनोन्महिने न दिसणं यापेक्षा फार वेगळं नसतं.

आठवणसुद्धा दर वेळी नव्याने शिवली जाते

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी काही विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता. काहींना विचारताना त्याहून सौम्य क्रियापद वापरलं. तीव्र शब्द ऐकलेल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? तीव्र शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण 'हो' म्हणाले, सौम्य शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी ७. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. एका क्रियापदाने ती आठवणीत पेरली गेली. एखादी घटना कुणी कोणत्या शब्दांत सांगितली, याला म्हणूनच मी फार महत्त्व देतो.

समजूत स्वतःला सांभाळून घेते

'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली आला. पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर चालून जाणारा माणूस पुस्तक न वाचलेल्यांनाही माहीत असतो. पण त्याच्या पुढची ओळ लोक विसरतात. पात्याचा तडाखा बसून तो खाली आपटतो आणि सोबती सांगतो, मी म्हटलं नव्हतं का, या पवनचक्क्या आहेत? त्यावर किहोते म्हणतो, राक्षसच होते; माझ्या वैऱ्याने जादूने त्यांच्या पवनचक्क्या केल्या, मला यश मिळू नये म्हणून.

अंग ठेचून निघालं तरी समजूत शाबूत! पुरावा विरोधात गेला की ती पुराव्यालाच कटाचा भाग करून टाकते. एखाद्याबद्दल 'हा आपल्या वाईटावर आहे' असं एकदा मनाने घेतलं की त्याचं चांगलं वागणंही डाव वाटू लागतं.

कथा-कादंबऱ्यांत एक खास युक्ती असते: गोष्ट सांगणाराच स्वतःला फसवत असतो आणि वाचकाला ते हळूहळू उमगतं. अशा निवेदकाला 'अविश्वसनीय निवेदक' हे नाव समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली दिलं. इथे 'अविश्वसनीय' म्हणजे थापाड्या नव्हे. तो बहुधा प्रामाणिकच असतो. त्याच्या सांगण्यावर भिस्त ठेवता येत नाही, इतकंच. आपण स्वतःचं आयुष्य स्वतःला सांगतो तेव्हा याच जागी बसलेले असतो.

मग खरं असं काही नसतंच का?

हा आक्षेप पहिला येतो, आणि आजकाल तो फार लवकर मान्य केला जातो. 'ज्याचं त्याचं सत्य' म्हटलं की वाद मिटतो. मला हे पटत नाही.

र्‍युनोसुके अकुतागावा या जपानी लेखकाची १९२२ सालची एक कथा याच संदर्भात सांगितली जाते. अकिरा कुरोसावा यांचा १९५० सालचा 'राशोमोन' हा चित्रपट तिच्यावरूनच आला. रानात एका माणसाचं प्रेत सापडतं. दरोडेखोर म्हणतो, मी मारलं. बायको म्हणते, मी मारलं. मेलेल्याचा आत्मा एका मांत्रिक बाईच्या तोंडून म्हणतो, मी स्वतःच जीव दिला. तिघंही दोष दुसऱ्यावर ढकलत नाहीत, स्वतःकडे ओढून घेतात, कारण प्रत्येकाला आपली एक प्रतिमा वाचवायची आहे. तीन जबान्या जुळत नाहीत आणि कथा निकाल देत नाही. पण रानातलं प्रेत कुणी नाकारत नाही. तिघांपैकी फार तर एकाचं म्हणणं खरं असू शकतं. आपल्याला सत्य सापडलं नाही म्हणून ते नव्हतं, असं होत नाही. रेघांची लांबी पट्टीने कळते. दोर दिव्याने कळतो.

शिकलेली, जाणती माणसं तरी फसत नसतील

फसतात. २०१३ साली २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या आणि त्या चित्रांत गाठीच्या सुमारे ४८ पट मोठा गोरिला घुसवला. २० जणांना तो दिसला नाही. यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाहीत. ते नेमून दिलेलं काम एकाग्रतेने करत होते आणि त्या एकाग्रतेचीच ही किंमत होती. म्हणून तर दुसऱ्याचं मत घ्यावं, एकाने केलेलं दुसऱ्याने तपासावं, अशा पद्धती पडल्या.

साहित्य तर कल्पित. त्यातून वास्तव काय कळणार?

कल्पित आहे म्हणूनच कळतं. स्वतःच्या आयुष्यात आपल्याकडे एकच खुर्ची असते, ती पात्राची. शापाची गोष्ट ठाऊक असलेली प्रेक्षकाची खुर्ची आपल्याला मिळत नाही. नाटकात, कादंबरीत ती मिळते. वाचताना आपण पात्राच्या डोळ्यांनी राक्षस पाहतो आणि त्याच क्षणी पवनचक्कीही पाहतो. हे दुहेरी पाहणं अंगवळणी पडलं, तर कधीतरी संतापाच्या भरात 'इथे मला न दिसलेलं काही असेल' एवढी शंका तरी येते. पुस्तकं वाचणारा प्रत्येक जण शहाणा होतो असा माझा दावा नाही. डॉन किहोतेच्या डोक्यात राक्षस पुस्तकांनीच भरले होते.

बनावट व्हिडिओंचं काय करायचं?

पुन्हा पहिल्या प्रश्नावर येऊ. बनावट चित्र मनाच्या याच सवयींवर चालतं. जे ओळखीचं आहे ते मन चटकन स्वीकारतं, आणि एखादी गोष्ट वारंवार कानावर पडली की ती खरी वाटू लागते, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलं आहे. म्हणून तोच व्हिडिओ पाच गटांतून आला की विश्वास वाढतो, जरी उगम एकच असला तरी. साप साप म्हणून भुई धोपटायला मग वेळ लागत नाही. आणि घाम खरा असतो हे विसरू नये: व्हिडिओ खोटा ठरला तरी त्याने भडकलेली माथी आणि दुखावलेली माणसं खरीच असतात.

दुसरा धोका याहून मोठा वाटतो मला. खरी चूक कॅमेऱ्यात सापडलेला माणूसही आता 'हे यंत्राने बनवलंय' म्हणून सुटू पाहतो. सगळंच खोटं मानणं हे सगळंच खरं मानण्याइतकंच सोपं आणि आळशी आहे. डोळे मोठे करून तोच व्हिडिओ दहादा पाहण्यात अर्थ नाही; भास पाहून जात नाही हे रेघांनी दाखवलं आहे. व्हिडिओच्या बाहेर पाहावं लागतं: तो आधी कुठे आला, त्या दिवशी तो माणूस कुठे होता, तिथे हजर असलेले काय सांगतात. कालिदासाच्या राजाची खात्री हत्तीकडे पाहून पटत नाही. पावलांचे ठसे पाहून पटते.

दोन अक्षरं

माझ्या फोनमध्ये एक जुना मेसेज आहे. एका मित्राला मी फार मनापासून लांबलचक काही लिहिलं होतं, आमच्यातल्या एका जुन्या दुखण्याबद्दल. उत्तर आलं: 'बरं.' दोन अक्षरं, पुढे पूर्णविराम. त्या पूर्णविरामात मला थंडपणा दिसला, मग तुसडेपणा, मग चक्क तिरस्कार. तीन दिवस मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडलो आणि त्याच्या गेल्या दहा वर्षांच्या वागण्यातून पुरावे काढले. सगळे बरोबर जुळले.

चौथ्या दिवशी फोन केला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "अरे, बाबा आयसीयूत आहेत रे. आत फोन नेऊ देत नाहीत. तुझं वाचलं मी दारात उभं राहून, दोनदा वाचलं. नीट बोलू, म्हटलं, नंतर."

तो मेसेज मी पुसला नाही. अधूनमधून उघडून पाहतो. अक्षरं तीच, पूर्णविराम तोच. आता तो वाचला की मला एक लांब कॉरिडॉर दिसतो, पांढरे दिवे दिसतात, भिंतीला टेकून फोनवर मान घातलेला तो दिसतो. हा कॉरिडॉरही मी कधी पाहिलेला नाही.